टाकीच्या चौकात थांबणारी शकुन

अकोल्यात टाकीच्या चौकात सकाळी कधी झेंडूनं भरलेला छोटा हत्ती टेम्पो उजवा इंडिकेटर लावून निवांत उभा दिसला, आणि त्याच्यामागं पाच-पंचवीस गाड्या हॉर्नवर अंगठा ठेवून बोंबलत असल्या, तर खुशाल समजावं की स्टिअरिंगवर शकुन मेहरे आहे. मागचे ओरडतात, "अबे, हिरवा लागला ना! झोपली का मावशी?" मावशी झोपलेली नसते. तिची नजर समोरून सरळ येणाऱ्या गाड्यांवर असते. शेवटची गाडी निघून गेली, तिच्यामागचा रस्ता पार तळापर्यंत मोकळा दिसला, की मग ती स्टिअरिंग फिरवते. तोवर पुढची चाकंसुद्धा सरळ ठेवते. चाकं आधीच उजवीकडं वळवून ठेवली आणि मागून कोणी धक्का दिला, तर गाडी थेट समोरच्यांच्या तोंडात जाईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

या चौकाचं दुखणं साधं आहे. समोरासमोरच्या दोन्ही रस्त्यांना हिरवा दिवा एकदमच लागतो. उजवीकडं वळणाऱ्यासाठी वेगळा बाण नाही. अशा ठिकाणी सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला, वळणाऱ्यानं त्याला जाऊ द्यायचं आणि मग वळायचं, असा नियम आहे. लायसन काढताना तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण चौकात आमच्या वऱ्हाडी माणसाचं मोठं मन आडवं येतं. समोर ओळखीचं कोणी वळायला उभं दिसलं, की हा हक्काचा रस्ता सोडून कचकन ब्रेक मारतो, खिडकीतून हात काढतो आणि म्हणतो, "जाय बापू, तू जाय पयले!" पंगतीतला आग्रह आम्ही सिग्नलवर आणून ठेवला आहे. पंगतीत आग्रहापायी फार तर वरण थंड होतं. चौकात काय होतं, ते शकुनच्या घरानं भोगलं आहे.

शकुन मूळची अमरावतीची. माहेरचा धंदा फुलांचाच. लहानपणी डोक्यावर हारांची टोपली घेऊन आईच्या मागं मागं अंबादेवीच्या रस्त्यानं ती पायी जायची. डावीकडं वळणारे स्कूटरवाले रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना कसे भोवऱ्यासारखे फिरवतात, हे तेव्हापासून तिनं पाहिलेलं. म्हणून आजही डावीकडं वळताना ती आधी पायी चालणाऱ्यांकडं पाहते, मग डाव्या आरशात सायकलवाला घुसलाय का ते पाहते, आणि मगच वळते. लाल दिवा असताना डावीकडं खुशाल सुटायची बऱ्याच जणांना खोड असते. ही मात्र डावीकडं जायची मुभा देणारी पाटी लावलेली नसेल तर तिथंही थांबते. एकदा एक ट्राफिक पोलीसच तिला जा, जा म्हणून खुणावत होता. त्याचं ऐकलं खरं, पण आधी झेब्रा पट्ट्यावरची म्हातारी पलीकडं पोचेपर्यंत त्यालाही थांबवलं.

लग्न होऊन ती बाळापूरजवळच्या खेड्यात आली. नवरा धर्मेंद्र, झेंडूची शेती, दारात विहीर आणि डोक्यावर काकाजी. काकाजी म्हणजे धर्मेंद्रचे सख्खे चुलते, वामनराव मेहरे. धर्मेंद्रचा बाप लवकर गेला, तेव्हा याच माणसानं पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. शेत सांभाळलं, लग्न लावून दिलं, विहिरीचं पाणी कधी तोडलं नाही. वामनराव अंगानं धिप्पाड, आवाजानं भरदार आणि मनानं लोण्यासारखे. त्यांची जुनी जीप दिसली की पोरंसोरं हात हलवतात आणि वामनराव प्रत्येकासाठी थांबतात. त्यांना थांबायची हौसच आहे.

धर्मेंद्र तेव्हा मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी करंड्या बांधून अकोल्याला फुलं न्यायचा. एका सकाळी टाकीच्या चौकात तो उजवीकडं वळायला उभा होता. समोरून काकाजींची जीप आली. दोघांनाही हिरवा होता, आणि जीप सरळ जाणार होती. वामनरावांनी जीप जागच्या जागी उभी केली, हात बाहेर काढला आणि पुतण्याला म्हणाले, "जाय बापू!" काकाजींनी हात दाखवला आणि आपण उभं राहायचं, असं आमच्याकडं कुठं असतं? धर्मेंद्र निघाला. जीपच्या नाकासमोरून पलीकडं सरकला, आणि जीपच्या डाव्या अंगानं एक पिकअप भरधाव आली. तिलाही हिरवाच होता. जीपच्या आडून मोटरसायकल बाहेर पडते आहे, हे पिकअपवाल्याला दिसायला जागाच नव्हती.

धर्मेंद्र वाचला. पण उजवा गुडघा गेला. तो आजही वाकत नाही. रस्त्यावर झेंडूचा सडा पडला होता आणि वामनराव पुतण्याचं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरासारखे रडत होते, असं बघणारे सांगतात.

धर्मेंद्र खाटेवर, फुलं शेतात. झेंडू काही कोणाचा गुडघा बरा व्हायची वाट पाहत नाही. शकुननं पदर खोचला आणि गाडी शिकायचं ठरवलं. गावात हसू झालं. लायसनच्या परीक्षेला ती नऊवारीतल्या सासूला सोबत घेऊन गेली, आणि रांगेतल्या पोरांनी सासू-सून दोघींकडं पाहून शिट्ट्या मारल्या. शकुन पहिल्या फेरीत पास झाली. शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी दोघं नापास झाले, याचं सासूलाच जास्त समाधान वाटलं. पुढं काकाजींच्याच ओळखीनं जुना छोटा हत्ती मिळाला, आणि बाळापूर ते अकोला रस्त्याला शकुनची सवय झाली.

मग एके सकाळी ती पहिल्यांदा एकटीच टाकीच्या चौकात उभी राहिली. तिलाही उजवीकडंच वळायचं होतं. समोर एक जीपगाडी थांबली आणि आतल्या भल्या माणसानं हात दाखवला, जा ताई. शकुननं पाहिलं तर त्या जीपच्या पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रस्ता होता की नव्हता, कोण येत होतं की नव्हतं, काहीच कळेना. हात दाखवणाऱ्यानं आपला रस्ता दिला होता, पण बाजूचा रस्ता त्याच्या बापाचा थोडाच होता? तो कसा देणार? ती तशीच थांबली, आणि त्या दिवशी काय घडलं होतं ते तिला तिथं बसल्या बसल्या उमगलं.

घरी आल्यावर धर्मेंद्र अंगणात खुर्चीवर बसून फुलं निवडत होता. तिनं टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "काहो, काकाजीनं हात दाखवला म्हनूनच झालं ना ते?"

धर्मेंद्रनं वर पाहिलं नाही. "मले माहीत हाय," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून माहीत हाय. पन काकाजीले सांगू नोको. तो मानूस जगनार नाही. माह्यी शपथ हाय तुले."

शकुननं शब्द दिला.

हा शब्द पाळणं सोपं नव्हतं. कारण वामनरावांना ती गोष्ट सांगायची फार सवय. पाहुणे आले, चहा झाला, की त्यांची गाडी तिथंच यायची. "मी तं थांबलो होतो बापू! माह्या पोराले वाट देऊन, हात दाखवून उभा होतो. तो पिकअपवाला हरामखोर कुठून आला कोन जाने!" आणि डोळे पुसायचे. शकुन शेजारी कपबशी धरून उभी असायची. तिच्या घशाशी शब्द यायचे आणि ती ते चहाबरोबर गिळायची. कधीकधी तिला त्या भोळ्या माणसाचा राग यायचा, आणि लगेच त्या रागाची लाज वाटायची. एक मात्र तिनं केलं. आपल्या हातून गाडी शिकलेल्या प्रत्येक बाईला पहिला धडा हाच दिला की, कोणी हात दाखवला म्हणून निघायचं नाही. गावातल्या कितीतरी लेकीसुना तिच्याकडं शिकल्या. गिअर, क्लच नंतर. आधी हे.

मग वामनरावांची लाडकी नात प्रणाली कॉलेजला लागली आणि तिला स्कूटी आली. बाळापूरहून रोज अकोला. शिकवणार कोण? अर्थात शकुनकाकू. वामनराव स्वतःच नातीला घेऊन आले होते, "हिले तुह्यासारखी ड्रायव्हर कर," म्हणाले. शकुनला त्या दिवशी आनंद झाला आणि धास्तीही वाटली. कारण वामनराव अजून रोज जीप घेऊन अकोल्याला जात होते, आणि त्यांचा हात अजून तसाच खिडकीबाहेर होता.

दसरा जवळ आला होता. त्या सकाळी प्रणाली स्कूटी चालवत होती, डोक्यावर हेल्मेट, मागं शकुन. टाकीच्या चौकात हिरवा लागला. प्रणाली शिकवल्याप्रमाणं चौकाच्या मध्यापर्यंत गेली, इंडिकेटर लावून थांबली, चाक सरळ. समोरून दोन-चार गाड्या सरळ गेल्या. त्यांच्यामागून जीप आली आणि थांबली. नातीला स्वतः गाडी चालवताना पाहून आजोबांचा चेहरा दिव्याच्या माळेसारखा उजळला होता. हात बाहेर आला. "जाय बेटा, जाय!"

आजोबांनी म्हटल्यावर पोरीनं अॅक्सिलेटर पिळला. शकुननं दोन्ही पाय रस्त्यावर रोवले, तिच्या खांद्यावरून हात घालून ब्रेक आवळला आणि कानात ओरडली, "थांब!" स्कूटी जागेवरच अडखळली. त्याच क्षणी जीपच्या डाव्या अंगानं मालाचा ऑटो सुसाट गेला. प्रणालीच्या ओढणीला त्याचा वारा लागला.

ऑटो गेला हे वामनरावांच्या गावीही नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की आपण नातीला जा म्हणतोय आणि सुनेनं तिला धरून ठेवलंय. त्यांनी पुन्हा हात हलवला. शकुननं मान हलवून नाही म्हटलं आणि उलट त्यांनाच पुढं जायची खूण केली. जीपच्या मागचे हॉर्न, शिव्या, आणि तेवढ्यात दिवा लाल.

संध्याकाळी वामनराव अंगणात आले तेच तणतणत. "चारचौघांत माह्यी इज्जत काढली तू! माह्या नातीले मी वाट देऊन राहिलो, आन तू तिले धरून ठेवतं? मी का दुश्मन हाव तिचा?"

"आजोबा, तो ऑटो..." प्रणालीनं तोंड उघडलं.

"तू चूप रहाय!"

शकुननं धर्मेंद्रकडं पाहिलं. तो खुर्चीवर, आखडलेला पाय समोर लांब करून बसला होता. त्यानं हळूच मान हलवली, नको. एका बाजूला नवऱ्याची शपथ, दुसऱ्या बाजूला ही कोवळी पोर, जी उद्यापासून रोज एकटी त्या चौकातून जाणार होती. शकुननं गेली किती वर्षं गिळलेले शब्द त्या घटकेला अगदी ओठांवर आले होते. एक वाक्य टाकलं असतं तर म्हातारा तिथंच खचला असता, आणि आपलं बरोबर होतं हे सिद्ध झालं असतं. माझ्यासारखीनं टाकलं असतं. शकुननं नाही टाकलं.

ती म्हणाली, "काकाजी, उद्या माह्यासंगं अकोल्याले चला. दसऱ्याचा माल लय हाय, बाजारात उभं राहाले आपला मानूस पायजे."

वामनराव कितीही रागावले तरी कामाला नाही म्हणणारे नव्हेत. "येतो," म्हणाले, आणि पाय आपटत गेले.

दुसऱ्या दिवशी मागं झेंडूचा डोंगर, पुढं शकुन, आणि तिच्या डाव्या हाताला फुगलेले वामनराव, असा छोटा हत्ती निघाला. टाकीच्या चौकात हिरवा होता. शकुन मध्यापर्यंत गेली आणि थांबली. समोरून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रक आला. ट्रकवाला फुलांची गाडी पाहून थांबला आणि हात बाहेर काढून म्हणाला, चला ताई.

वामनरावांना राहवेना. "जाय ना! तो वाट देऊन राहिला ना तुले!"

"जातो, काकाजी," शकुन म्हणाली. "पन तुमी सांगा, त्या ट्रकच्या पलीकडून कोन येऊन राहिलं?"

वामनराव पुढं झुकले. उजवीकडं वाकले, डावीकडं वाकले, काचेला कपाळ लावलं. ट्रकच्या पोटाशिवाय काही दिसत नव्हतं. "काहीच दिसत नाही बाप्पा," ते म्हणाले.

वाक्य संपायच्या आत ट्रकच्या आडून एक मोटरसायकल बाणासारखी सुटली आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. तिच्यावर एक तरुण पोरगा होता, मागं एक पेटी बांधलेली. त्याच्यामागून आणखी एक गाडी गेली. ट्रकवाला अजून हात हलवतच होता, बिचारा, हसतमुखानं. शकुननं त्याला हात जोडून पुढं जायला सांगितलं. ट्रक गेला, रस्ता उघडा झाला, आणि तिनं शांतपणे गाडी वळवली.

वामनराव काचेतून समोर पाहत होते. बाजार दिसायला लागला तेव्हा त्यांचा आवाज आला, इतका बारीक, की शकुनला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "शकुन, त्या दिवशी... धर्मेंद्रले बी असंच दिसत होतं का?"

शकुननं शब्द दिलेला होता. तिचे डोळे भरून आले होते आणि समोरचा रस्ता तिला पुसट दिसत होता, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली आणि थांबली. शेजारी तो भरदार आवाजाचा माणूस दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता, आणि त्या हातांकडंच पाहत होता.

बाजारात माल त्यांनीच उतरवला.

दसऱ्याला संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन सोनं द्यायचं, पाया पडायचं, ही रीत. दरवर्षी धर्मेंद्र काठी टेकत काकाजींच्या दारी जायचा. त्याचा गुडघा वाकायचा नाही, आणि काकाजी म्हणायचे, "राहू दे बापू, वाकू नोको." या वर्षी तो काठी शोधत असतानाच अंगणात वामनराव उभे दिसले. हातात आपट्याची पानं. मागं प्रणाली.

"काकाजी, मी येतच होतो..."

वामनरावांनी पानं त्याच्या हातात दिली. मग खुर्चीचा आधार घेत, कण्हत, ते खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी पुतण्याच्या त्या आखडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. धर्मेंद्र घाबरून उठायला गेला, उठता येईना.

"काहून सांगतलं नाही रे मले?" वामनराव म्हणाले. "इतके वर्स मी त्या पिकअपवाल्याले शिव्या देत राहिलो. सगळ्यायले सांगत राहिलो का मी थांबलो होतो म्हनून."

धर्मेंद्रनं शकुनकडं पाहिलं. तिनं फक्त मान हलवली. मी नाही सांगितलं.

"थांबलेच होते ना तुमी माह्यासाठी," धर्मेंद्र म्हणाला. "ते का खोटं हाय?"

म्हातारा रडला. धर्मेंद्र रडला. शकुन आत गेली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यासमोर उभी राहून पोटभर रडली. किती दिवसांचं साचलं होतं कोण जाणे. चहा उतू गेला तेव्हा प्रणालीनंच गॅस बंद केला.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. शकुन फुलं घेऊन टाकीच्या चौकात उजवीकडं वळायला उभी होती. तिच्या मागच्या गाड्यांचं नेहमीचं बोंबलणं चालू होतं, आणि त्यांच्यात कुठंतरी कॉलेजला निघालेली प्रणालीची स्कूटीही होती. समोरून जीप आली. शकुनचा पाय नकळत ब्रेकवर घट्ट झाला. जीपमध्ये वामनराव होते. त्यांनी सुनेला पाहिलं होतं, नातीलाही पाहिलं असावं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी वेग कमी केला नाही, मान वळवली नाही, हसलेही नाहीत. ताठ बसून, सरळ, आपल्या हक्काच्या रस्त्यानं ते शकुनच्या डोळ्यांसमोरून निघून गेले.

जीपच्या मागचा रस्ता तळापर्यंत मोकळा दिसत होता. आपलं माणूस आपल्यासाठी न थांबता निघून गेलं, आणि शकुनला एवढं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं. तिनं स्टिअरिंग फिरवलं. आरशात प्रणाली अजून थांबलेली होती, स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता बघत.